वाकडी भाकरी

परातीपुढं बसलेल्या गोदाक्काचा जीव थाऱ्यावर नव्हता. नात अडीच वर्षांची झाली, तरी तोंडातून शब्द फुटला नव्हता. सुनेनं आणलेली खेळणी टाकून पोरगी आजीपाशी पिठाचा गोळा थापत होती.

"अगं, काठ फाटला!" म्हणत गोदाक्का सारखी मधे हात घालायची.

"आत्या, तिचं तिला करू द्या की," सून म्हणाली.

"सर तिकडं! तुला काय कळतंय?" चुलीपुढून सुनेला ती रोज अशीच हाकलायची.

हात पुन्हा पुढं गेला, तशी पोरीनं तो झटकला. पिठाचं बोट नाचवत कडाडली, "सर तिकडं!"

गोदाक्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती निमूट सरकली आणि सुनेवर खेकसली, "बघतीस काय? बस हितं. लेकीची पहिली भाकरी तूच भाज."