डाव्या हाताची भिंत

"आधी कॅमेरा पुढे ढकल, मग डोकं घाल. डोकं गेलं की बाकीचं आपोआप जातं," गाइड मावशी म्हणाली.

भोक अगदी जमिनीलगत होतं, ओट्याखालच्या कपाटाच्या दाराएवढं. फोटोग्राफर पोटावर आडवी झाली आणि तिनं टॉर्च आत मारली. पिवळट दगड, ओल, आणि पुढे नुसता अंधार.

"पण आत आहे काय?"

"खोली आहे. डाव्या हाताच्या भिंतीवर जे दिसेल त्याचा फोटो काढून आण."

"तुम्ही नाही येत?"

"नाव मावशी, पण मावत नाही." हा विनोद तिनं बऱ्याचदा केला असावा, कारण ती स्वतः हसली नाही.

प्रवासाच्या एका मासिकानं फोटोग्राफरला या चुनखडीच्या टेकड्यांत पाठवलं होतं. तीन दिवसांत मोठ्या गुहा झाल्या, छतातून लोंबणारे चुन्याचे सुळके झाले, टेकड्यांवरचं सकाळचं धुकंही झालं. संपादकांनी फोटो पाहून फोनवर एवढंच म्हटलं, "छान आहेत. पण असे सगळ्यांकडे आहेत." उद्या परतायचं होतं. मुखपृष्ठ हातचं जाणार हे तिला दिसत होतं.

मावशी तिन्ही दिवस सोबत होती. बाई अबोल, पण वाट चोख. एकच गोष्ट फोटोग्राफरला खटकली होती. पहिल्या भेटीत मावशीनं कॅमेऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. शिंप्यासारखी तिच्या खांद्यांची रुंदी तेवढी नजरेनं मापली होती. ते माप कशासाठी होतं, हे आत्ता भोकात शिरताना कळलं.

ती कोपरांवर सरकत गेली. पाठीला दगड घासत होता, नाकात ओल्या चुन्याचा वास जात होता. दोन वेळा वाटलं, मागे फिरावं. पण मागे फिरायलाही जागा नव्हती, आणि आत काय असेल ते आता तिला गप्प बसू देत नव्हतं. पुढे एकदम हात मोकळे झाले. ती उठून बसली आणि टॉर्च डावीकडे वळवली.

भिंतीवर एक मुलगी होती.

कोळशाच्या एका रेघेत काढलेला, बाजूनं दिसणारा चेहरा. पुढे आलेलं कपाळ, बसकं नाक, किंचित वर उचललेली हनुवटी, खांद्यावर जाड वेणी. वरून झिरपणाऱ्या पाण्यानं त्यावर चुन्याचा पातळ थर चढवला होता, काचेसारखा. तिनं कडेच्या रेघेवर हलकेच बोट फिरवलं. बोट काळं झालं नाही.

किती जुनं असेल हे? शंभर वर्षं? हजार? कुणी काढलं असेल, आणि एवढ्या अडचणीत येऊन का? तिनं टॉर्च बाजूला ठेवली, उजेड तिरका पाडला आणि चाळीस फोटो काढले. मुखपृष्ठ तर मिळालंच होतं. आता जगभरातून माणसं तिचं नाव विचारत येणार होती.

बाहेर आली तेव्हा ती नखशिखान्त चिखलानं माखली होती.

"मावशी, हे फार जुनं आहे. तज्ज्ञांना बोलवायला हवं. तुम्हाला कल्पना नाही, हे काय सापडलंय."

मावशीनं पदराला हात पुसले, कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि पडद्यावर डोळे लावले.

"नाक जरा चुकलंय," मग म्हणाली. "सारखी हलत होती."

"कोण?"

"दिवा मागे दगडावर ठेवला होता. सावली भिंतीवर पडली, ती मी कोळशानं गिरवली. मी दहा वर्षांची होते."

हजार वर्षं, तज्ज्ञ, जगभरातली माणसं, सगळं एका वाक्यात पाण्यात गेलं. फोटोग्राफरला हसू येईना आणि रागही येईना.

"तुम्हीच काढलंय, तर तुम्हाला माहीतच होतं आत काय आहे. मग मला कशाला पाठवलंत?"

"पुतण्याला पाठवलं होतं एकदा. फोनमध्ये नुसता अंधार घेऊन आला." मावशीचा अंगठा पडद्यावर टेकला आणि चेहरा एकदम मोठा झाला. ती दचकली, पण अंगठा तिनं उचलला नाही. "माझी धाकटी बहीण. त्याच वर्षी तापानं गेली. तेव्हा आमच्याकडे कुणाचे फोटो असायचे? बावन्न वर्षं झाली, पोरी. तिचा चेहराच विसरले होते मी."