अर्धं रॉकेल

रॉकेलचा टँकर फाटकाशी येऊन थांबला आणि सेडी एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"मी काही मागवलेलं नाही," ती म्हणाली. "पुढे ने."

ड्रायव्हर फिन्टन नळी खांद्यावर घेऊन उतरलासुद्धा होता. त्याने शेजारच्या दारात उभ्या असलेल्या मॅलकीकडे बघितलं. मॅलकीने आपल्या बुटांकडे बघितलं.

टँकर मागवण्याची अक्कल मॅलकीचीच. थंडीचा खर्च भागवायला त्या जानेवारीत सरकारने घरटी पैसे पाठवले होते. सेडीचे छपरात गेले, कारण वादळाने त्यावरच्या निम्म्या दगडी पाट्या उडवल्या होत्या. तेव्हापासून तिच्या घरातला बॉयलर बंदच होता. तिचा खोकला भिंतीतून मॅलकीला ऐकू येई. त्याची शेकोटी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटांवर चाले, विटा भावाकडून गाडीभर येत, आणि सरकारचे पैसे तसेच पडून होते. पण द्यायचे कसे? सेडीने अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणाकडून साधं अंडंही उसनं घेतलेलं नव्हतं.

"त्याचं काय आहे, सेडी," मॅलकीने घसा साफ केला. "माझ्या टाकीला तडा गेलाय. आणि रॉकेल तर येऊन पडलं. म्हटलं तुझ्या टाकीत ठेवू. थोडे दिवस."

"तडा?"

"चांगला हातभर."

फाटक उघडून सेडी त्याच्या अंगणात गेली, टाकीभोवती एक फेरी मारली आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकली. टाकीखालचं दहिवर पांढरंशुभ्र होतं, त्यावर थेंबाचाही डाग नव्हता.

"चाळीस वर्षं बस चालवलीस," ती उठत म्हणाली, "आणि एक थाप सरळ मारता येत नाही तुला."

फिन्टन फिस्सकन हसला.

"तू दात काढू नकोस. तुझ्या आईला ओळखते मी."

मॅलकीचे कान लाल झाले. "मग काय करायचं मी? सरळ विचारलं असतं तर घेतलं असतंस?"

"विचारून तर बघायचंस!"

आमच्या डोंगरात सरळ बोलायची कुणाला सवय नाही. माणसं हवेबद्दल बोलतात, मेंढ्यांबद्दल बोलतात, आणि मधल्या फटीतून हवं ते सांगून टाकतात. मॅलकीने टोपी काढली आणि हातात चुरगाळली.

"सेडी, सरकारने मला पैसे दिले. मला ते नकोत. तू पलीकडे खोकत असतेस आणि मी अलीकडे उबेत बसतो. लाज वाटते मला. हे रॉकेल घे. बस."

सेडीला राग आला होता आणि त्याहून जास्त बरं वाटलं होतं. ती खोकली, जरा जास्तच वेळ.

"अर्धं घेते," ती शेवटी म्हणाली.

"सगळं तुझंच आहे."

"माझं आहे ना? मग अर्धं मी घेते आणि अर्धं वळणावरच्या ओर्लाकडे जाईल. बाळ तीन आठवड्यांचं. काल मी गेले तर पोरगी त्याला मांडीवर घेऊन ओव्हनच्या उघड्या दारापुढे बसलेली."

"ओर्ला नाही घ्यायची, बाई," फिन्टन म्हणाला. "ती तुमच्यावर ताण आहे. चर्चच्या लोकांना तिने दारातूनच परत पाठवलं."

"चर्चचे लोक द्यायला गेले होते. देणाऱ्याला नाही म्हणायला काय लागतं? मी स्वतः रॉकेल घेतलेली बाई आहे. माझ्यापुढे कसा आव आणते बघू."

फिन्टनने नळी लावली. सेडी टाकीच्या काट्यावर डोळा ठेवून उभी राहिली, आणि ठरल्या जागी येताच तिने पोलिसासारखा हात वर केला. मग आत गेली. बाहेर आली ती हिरवा कोट घालून. हा कोट लग्नाला आणि मयतालाच निघायचा. ओठांना थोडी लालीही होती.

"वर बसा, बाई," फिन्टनने टँकरचं दार उघडलं.

"मी चालत जाणार. तू मागून ये. मॅलकी, तूही चल, पण तोंड उघडू नकोस."

गोठलेल्या रस्त्याच्या मधोमध सेडी निघाली, मान ताठ. चार पावलं मागे मॅलकी. त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये टँकर, गुरगुरत. दोन्ही बाजूंच्या घरांचे पडदे हलले. मॅलकीला आधी जरा अवघडल्यासारखं झालं, मग त्यानेही छाती पुढे काढली.

समोरून पोस्टाची गाडी आली. पोस्टमनने ती झटकन कुंपणाला लावली, इंजिन बंद केलं, डोकं झुकवलं आणि काच खाली करून हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही," सेडी न थांबता म्हणाली. "रॉकेल वाटायला निघालेय."