उजव्या कानाचं माप

"आ कर," कवळीवाला सवयीने म्हणाला, आणि त्याच्या बायकोने खरंच तोंड उघडलं.

"अगं, कान! कान दे इकडे."

"मग कानाचं बोला ना. आ कसलं करायला लावताय?"

तिच्या एकेका कानात आधी दोरा बांधलेला कापसाचा बोळा गेला. मग पिचकारीतून गुलाबी लगदा. दातांचं माप घ्यायचा तोच. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात कवळीवाल्याच्या हातच्या कवळ्या होत्या आणि त्यातली एकही कधी जेवताना ताटात पडली नव्हती. असं असताना त्याच्याच बायकोच्या कानातून इअरफोन पडावा, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

बायको घरी बसून मध्यस्थ साहेबांचं काम करायची. भांडणारी माणसं साहेबांसमोर बसून बोलत. ते रेकॉर्डिंग ऐकून कोण काय म्हणालं ते ती टाइप करून द्यायची. पण तिचा उजवा कान अरुंद. इअरफोनचं लहान रबर लावलं तर डावीकडचं गळून पडे, मोठं लावलं तर उजवा कान ठणके. आणि रबर जरा जरी सैल बसलं की माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटत. मागच्या खेपेला इअरफोन निसटला आणि एका सासूबाईंचं अर्धं म्हणणंच गळालं. सासूबाईंनी ऑफिस डोक्यावर घेतलं. "आता आणखी एक चूक झाली तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," साहेबांनी बजावलं. लोकांची भांडणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळतात, असं काम हातचं कोण घालवेल?

लगदा घट्ट झाला. त्यावरून साचा, साच्यातून कवळीच्या मऊ अस्तराची दोन रबरं. पहिल्यांदा त्याने भोक बारीक पाडलं.

"पांघरुणात तोंड घालून बोलतायत," ती म्हणाली.

त्याने भोक जरा मोठं केलं. तिने पुन्हा इअरफोन घातले आणि डोळे मिटले. मान हलवून पाहिली, जांभई देऊन पाहिली. इअरफोन जागचे हलले नाहीत.

"अहो, श्वाससुद्धा ऐकू येतोय! यातल्या एकाला सर्दी झालीये."

"रोज ब्रशने घासायची बरं का," कवळीवाला शर्टाची कॉलर ताठ करत म्हणाला. रबरं हिरडीच्या रंगाची होती, पण तेवढं ती चालवून घेणार होती.

नवं प्रकरण दोन भावांचं होतं. भांडण वडिलांच्या सायकलच्या दुकानावरून. दोघांचे आवाज इतके सारखे की फोनवर त्यांची आईसुद्धा फसायची. म्हणून साहेबांनी प्रत्येकाला वेगळा माइक दिला होता. डाव्या कानात येईल ते थोरल्याचं, उजव्या कानात येईल ते धाकट्याचं. वर दोघांत अबोला. त्यामुळे 'दादा' नाही की नाव नाही, एकमेकांचा उल्लेख नुसता 'हा'. डाव्या कानात थोरला तावातावाने सांगत होता, "छप्पर गळतंय, गिऱ्हाईक फिरकत नाही. विका आणि मोकळे व्हा." उजव्या कानात धाकटा ओरडत होता, "वडील ज्या स्टुलावर बसायचे ते स्टूल तिथून हलणार नाही." तिने एका बैठकीत सगळं टाइप केलं आणि पाठवून दिलं. इतकं स्वच्छ काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बेसिनपाशी रबरं घासायला बसली. उजव्या कानातून काढलेल्या इअरफोनवर एक बारीक अक्षर होतं. एल.

"अहो! एल म्हणजे लेफ्ट ना?"

कवळीवाला धावत आला. त्याने इअरफोन फिरवून पाहिला. "समोर बसलेल्या माणसाचं उजवं माझ्या डावीकडे येतं गं. आयुष्यभर सगळं उलटं करून बघायची सवय. इअरफोनही उलटेच धरले मी, आणि उजव्या कानाचं रबर डाव्यावर चढवलं."

रबर उजव्या कानात इतकं चपखल बसत होतं की तिला अक्षर बघायची गरजच पडली नव्हती.

"म्हणजे विकायचंय ते धाकट्याला! स्टूल धरून बसलाय तो थोरला!"

"एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात!" तो कळवळला. त्याच्या धंद्यात याहून मोठं पाप नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. मध्यस्थ साहेब. तिने त्यांना बोलूच दिलं नाही. एका दमात सगळी चूक कबूल केली आणि डोळे पुसले. पलीकडून बराच वेळ नुसती आरडाओरड ऐकू येत होती.

"तरीच," साहेब शेवटी म्हणाले. "मी त्यांच्या दुकानातूनच बोलतोय. सकाळी दोघांना तुम्ही टाइप केलेले कागद दिले. स्वतःचं म्हणणं कोणी वाचतं का? दोघांनी फक्त दुसऱ्याचं वाचलं. थोरल्याला वाटलं, धाकटा नमला. धाकट्याला वाटलं, दादा नमला. गळ्यात गळा घालून रडले हो!"

"मग मिटलं?"

"मिटतंय कुठलं! आता थोरला म्हणतो, धाकटा माझ्यासाठी एवढा नमला, तर त्याच्याच मनासारखं होऊ दे, विकून टाकू. आणि धाकटा त्या स्टुलावर जाऊन बसलाय. म्हणतो, दादासाठी मी हे हलू देणार नाही."

"साहेब, मी आत्ता लगेच दुरुस्त करून पाठवते."

"खबरदार!" साहेब ओरडले. "एका अक्षराला हात लावू नका. काल ते चुकीचं होतं. आज सकाळपासून शब्दन् शब्द बरोबर आहे."