बाळाचा घास

"थोरल्याचं उष्टं खाऊ नका. लहान मुलांच्या लाळेतून विषाणू तुमच्यात आला, तर वारेतून तो पोटातल्या बाळापर्यंत जातो," डॉक्टरबाईंनी काव्याला बजावलं होतं.

घरी तीन वर्षांचा सिद्धू अर्धी खाल्लेली शेंगापोळी घेऊन तिच्या पुढ्यात आला. "आई, बाळाला." तिनं तोंड फिरवलं तसा त्याचा चेहरा पडला. "बाळ माझं खात न्हाय?"

सासूबाईंनी जन्मात कुणाचं उष्टं तोंडाला लावलं नव्हतं. "आपल्यात चालत न्हाय," म्हणून त्या काव्यालाही सदा टोकायच्या. हातातलं निवडण बाजूला ठेवून त्या नातवापुढं येऊन बसल्या.

"आपल्यात पोटातल्या बाळाचा घास अज्जीनं खायचा असतोय की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आ केला.