अप्पांची रखडलेली गाडी

निवृत्त झाल्यापासून अप्पा दिवसभर कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचे, पण रविवारपासून त्यांची गाडी पडद्यावर गोगलगायीसारखी सरपटायला लागली. खेळाची चित्रं भराभर पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलाय असं स्वतःच ठरवून त्यांनी तो काढून नवा टाकला, मग नवा काढून पुन्हा जुना टाकला, आणि मधल्या वेळात लेकाला फोन करकरून त्याचं डोकं खाल्लं.

माईंनी हाक मारली की, "थांब, इन्स्टॉल होतंय." ताट वाढलं की, "थांब, रीस्टार्ट होतोय." भाजी आणायला पिटाळलं, तर वाटेत कॉम्प्युटर दुरुस्तीवाला भेटला म्हणून रिकामी पिशवी हलवत परत आले, तेही आणखी एक उपाय घेऊन.

आज ते आंघोळीला गेल्या गेल्या माईंनी लेकाला फोन लावला आणि हळूच म्हणाल्या,



"अरे, गाडी रखडून यांचा खेळ सुटावा म्हणून तू मला मॉनिटरची वायर कार्डातून काढून शेजारच्या भोकात लावायला सांगितली होतीस ना, ती मी परत होती तिथे खोचतेय, खेळायचे तेव्हा निदान जेवायला तरी उठायचे."