दहाव्याचा कावळा

रंगनाथने बायकोचा पिंड घाटावर ठेवताच कंपनीचा यांत्रिक कावळा झाडावरून उतरला आणि भातात चोच घालून परत गेला. धातूसाठी कंपनीने आकाशातून उतरवलेली उल्का चुकून गावावर पडली होती. तिच्याखाली त्याची कौसल्या गेली आणि उल्केच्या धुळीने तालुक्यातले सगळे कावळे मेले.

"बघा काका, लगेच शिवला," कंपनीचा माणूस म्हणाला. "काकूंची काही इच्छा राहिली नाही."

भाताला यंत्राच्या तेलाचा वास येत होता. रंगनाथने तो पिंड उचलून बाजूला टाकला, हात धुतले आणि उरलेल्या भाताचा दुसरा वळून ठेवला.

"तिला जगायचं होतं," तो म्हणाला. "तुमचं खेळणं घेऊन जा. खरा कावळा येईपर्यंत मी इथेच बसतो."