दिगंबर, दूध बघा!

जिन्यात शेजारणीशी बोलता बोलता बायकोनं आत हाक मारली, “दिगंबर, दूध बघा, उतू जाईल!” दिगंबर म्हणजे मीच, हे आठवेपर्यंत दूध ओट्यावर आलं होतं.

वाळूवाल्यांनी तलाठ्याला मारलं ते मी पाहिलं आणि कोर्टात सांगायला तयार झालो. म्हणून पोलिसांनी आम्हाला या लांबच्या शहरात आणून ठेवलं आणि मला हे नाव दिलं. माझं खरं नाव बायकोनं तीस वर्षांत एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात. एरवी नुसतं ‘अहो’. दिगंबरला मात्र ती दिवसातून वीसदा हाका मारायची. मला त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

“तुम्ही सरळ नवऱ्याचं नाव घेता?” शेजारणीनं विचारलं.

“छे! ते कुठं माझ्या नवऱ्याचं नाव आहे!” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलिसांच्या गाडीत होतो. साहेबांनी नवी कार्डं हातात दिली. मी आता सुधाकर.

“तुमचं खरं नाव आता विसरा,” साहेब वैतागून म्हणाले. “यापुढं ते कुणीही घेणार नाही.”

बायकोनं कार्ड वाचून पर्समध्ये ठेवलं. टोलनाका मागं पडला. मग तिनं पदर सारखा केला, माझ्या कानाशी वाकली आणि माझं खरं नाव घेतलं. उखाण्याशिवाय.



“कुणीतरी घ्यायला हवं ना, अहो,” ती म्हणाली.